पणजीचा आदिलशाही वाडा

पणजी शहरात मांडवी नदीच्या डाव्या तीरावर, दयानंद बांदोडकर मार्गाला लागून एक दुमजली, उतरत्या कौलारू छपरांची पांढरी इमारत उभी आहे. तिला आदिलशाही वाडा म्हणतात. जुन्या पिढीच्या तोंडी ती अजूनही ‘जुने सचिवालय’च आहे, आणि पोर्तुगीज कागदपत्रांत तिचे नाव ‘पालासियु दु इदालकांव’ असे येते. विजापूरच्या सुलतानाचा नदीकाठचा कोट, पोर्तुगीज विजरईंचा उतारा, त्यांचा राजवाडा, सरकारी कचेऱ्या, मुक्त गोव्याची विधानसभा आणि आता वस्तुसंग्रहालय, इतकी रूपे या एकाच वास्तूने पाहिली. पाचशे वर्षांत गोव्यावर आलेल्या प्रत्येक सत्तेने तिची डागडुजी केली, तिच्यात भर घातली, आपल्या सोयीप्रमाणे तिचे अंतरंग बदलले; पण ती पाडली मात्र कोणीच नाही. गोव्यातल्या कितीतरी भव्य इमारतींच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. त्याचे कारण तिच्या सौंदर्यापेक्षा तिच्या उपयोगात आणि तिच्या जागेत शोधावे लागते.

मांडवी जिथे समुद्राला मिळते तिथून आत शिरले की उजव्या हाताला पणजी लागते. तिसवाडी बेटावरचे जुने गोवा शहर तिथून नऊएक किलोमीटर आत, नदीच्या वरच्या अंगाला होते. समुद्रातून शहराकडे जाणाऱ्या प्रत्येक गलबताला पणजीच्या धक्क्यासमोरूनच जावे लागे. तिथे तोफा असलेला एखादा कोट असला की नदीचे दारच हातात येई. बहमनी सुलतानांचा वजीर महमूद गवान याने 1472 मध्ये गोवा जिंकून घेतला होता. बहमनी राज्याची शकले झाल्यावर गोवा विजापूरच्या वाट्याला आला, आणि आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ आदिलशहा याने या बंदराचे मोल नेमके ओळखले. अरबस्तान आणि इराणातून येणाऱ्या घोड्यांचा व्यापार गोव्याच्या बंदरातून चाले. दख्खनच्या सुलतानांना आणि विजयनगरलाही या घोड्यांवाचून फौज उभी करता येत नसे. यूसुफने पंधराव्या शतकाच्या अखेरीस किंवा सोळाव्याच्या उंबरठ्यावर पणजीच्या काठी हा कोट बांधला. आत राहण्यासाठी वाडा होता, भोवती खाऱ्या पाण्याचा खंदक होता आणि तोफांची तोंडे नदीकडे होती. त्या वेळी पणजी हे शहर नव्हते. खाजणे, नारळीची बने आणि कोळ्यांची तुरळक वस्ती एवढाच तिचा पसारा होता.

कोट फार दिवस विजापूरकडे राहिला नाही. फेब्रुवारी 1510 मध्ये अफोंसु द आल्बुकेर्क आपले आरमार घेऊन मांडवीच्या मुखाशी आला. होनावरचा तिमोजा त्याला सामील होता. पणजीच्या कोटावरचा हल्ला आल्बुकेर्कचा पुतण्या आंतोनियु द नोरोन्य याने केला, आणि तो पडल्यावर वरचे शहर फारसा प्रतिकार न होता शरण आले. यावरूनच या कोटाचे महत्त्व कळते. मात्र आदिलशाही फौज मे महिन्यात परत आली, बाणस्तारीच्या बाजूने बेटावर उतरली आणि महिना संपता संपता पोर्तुगीजांना शहर सोडून जहाजांवर पळावे लागले.

त्यानंतरचे दिवस या वास्तूच्या साऱ्या इतिहासात सर्वांत बिकट होते. पावसाळा सुरू झाला होता. मांडवीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत होत्या, त्यामुळे जहाजांना समुद्रात जाता येईना. मागे शहर शत्रूच्या हाती होते. पोर्तुगीज आरमार नदीतच अडकून पडले आणि पणजीच्या कोटावरून त्याच्यावर तोफांचा मारा होऊ लागला. अन्न संपत आले. उंदीर आणि कातडे उकडून खाण्याची वेळ खलाशांवर आली. शेवटी जून महिन्यात आल्बुकेर्कने पहाटेच्या अंधारात कोटावर छापा घातला, तोफा उचलल्या आणि हाती लागलेले अन्न जहाजांवर नेले. याच झुंजीच्या काळात आंतोनियु द नोरोन्य मारला गेला. ऑगस्टमध्ये पाऊस ओसरल्यावर आरमार कसेबसे बाहेर पडले. तेच आरमार नवी कुमक घेऊन परतले आणि 25 नोव्हेंबर 1510 रोजी, सेंट कॅथरिनच्या सणादिवशी, त्याने गोवा कायमचा घेतला. याच वर्षी यूसुफ आदिलशहा मरण पावला. गादीवर आलेला इस्माइल लहान होता आणि विजापूरचा दरबार आपल्याच भांडणांत गुंतला होता. ज्या कोटाने त्यांना एका पावसाळ्यात उपाशी मारले, तो कोट पोर्तुगीजांनी पाडण्याऐवजी मजबूत केला यात नवल नाही.

विजापूरकरांचा आणखी एक वाडा जुन्या गोव्यात, सध्याच्या से कॅथेड्रलच्या जवळ होता. तो या वाड्याहून कितीतरी मोठा आणि मानाचा होता. आरंभीचे पोर्तुगीज गव्हर्नर त्यातच राहत. 1554 मध्ये ते नदीकाठच्या दुसऱ्या राजवाड्यात गेले, आणि 1560 मध्ये इन्क्विझिशन म्हणजे धर्मसमीक्षण संस्था गोव्यात आली तेव्हा ती रिकाम्या वाड्यात बसली. अडीचशे वर्षे त्या इमारतीच्या नावाने लोकांचा थरकाप उडे. 1812 मध्ये ती संस्था बंद झाली आणि वाड्याला काही काम उरले नाही. पुढे तो पाडण्यात आला. त्याचे दगड पणजीच्या बांधकामाला लागले. आज त्याची काळ्या दगडाची एक कमान तेवढी उरली आहे. एकाच घराण्याने बांधलेल्या या दोन वाड्यांचे भवितव्य इतके वेगळे का झाले, याचे उत्तर साधे आहे. एकाला काम मिळत राहिले आणि दुसऱ्याचे काम संपले.

सोळाव्या आणि सतराव्या शतकात पणजीचा वाडा मुख्यतः मुक्कामाची जागा होता. लिस्बनहून आलेला नवा विजरई थेट शहरात जात नसे. आधी तो रेइश मागुश येथे किंवा पणजीत उतरे, मावळत्या विजरईशी कागदपत्रांची आणि अधिकाराची देवघेव ठरे, शहरात स्वागताची तयारी होई, आणि मग ठरलेल्या दिवशी तो शृंगारलेल्या होड्यांच्या ताफ्यासह मांडवीतून वर जाई. जुन्या गोव्याच्या धक्क्यावर विजरईंची कमान होती. तिथे शहराच्या किल्ल्या त्याच्या हाती देत. परतीच्या प्रवासाला निघालेले विजरईही पणजीला थांबत. 1612 मध्ये नदीच्या पलीकडच्या टोकावर आग्वादचा किल्ला पुरा झाला. रेइश मागुशचा किल्ला आधीच होता. नदीच्या मुखाच्या रक्षणाचा भार पणजीवरून तिकडे सरकला. सतराव्या शतकाच्या आरंभी वाड्याची पुनर्बांधणी झाली आणि त्याचे लष्करी रूप हळूहळू मावळत गेले. विजरई कोंद द लिन्यारिश याने 1633-34 मध्ये पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा सुमारे तीन किलोमीटरचा बांधवजा पूल घातला. खाजणांतून, पाणथळीतून जाणाऱ्या या वाटेमुळे पणजी पहिल्यांदाच शहराशी जमिनीवरून नीट जोडली गेली. आजही त्या पुलावरून रहदारी चालते.

जुने गोवा मात्र आतून खचत चालले होते. तिथली हवा रोगट झाली होती. पाणी साचून राही, विहिरी दूषित होत, पटकी आणि हिवताप यांच्या साथी वरचेवर येत. व्यापार डचांनी आणि इंग्रजांनी ओढून नेला होता. त्यात मराठ्यांचे भय भरीला पडले. नोव्हेंबर 1683 मध्ये संभाजी महाराजांच्या सैन्याने जुव्याचे बेट एका रात्रीत घेतले. हे बेट राजधानीच्या अगदी समोर आहे. प्रतिहल्ला करायला गेलेला विजरई कोंद द आल्व्होर जीव वाचवून कसाबसा परतला. मोगल शहाजादा शाह आलम कोकणात उतरत असल्यामुळे मराठ्यांना माघारी वळावे लागले, नाहीतर गोव्याचा इतिहास वेगळा झाला असता. या धक्क्यानंतर राजधानी मुरगावला हलवण्याचे ठरले, तिथे बांधकामही सुरू झाले, पण ती योजना तडीस गेली नाही. 1695 मध्ये विजरईने आपला मुक्काम शहराबाहेर पणेलीला नेला. 1739 मध्ये मराठ्यांनी वसई घेतली आणि बारदेश व साष्टीतही मुसंडी मारली. पोर्तुगिजांचे उत्तर कोकणातले राज्य संपले. उरल्या राज्याला आटोपशीर, निरोगी आणि समुद्राजवळच्या राजधानीची गरज होती.

ती गरज विजरई कोंद द एगा याने पुरी केली. 1 डिसेंबर 1759 रोजी तो पणजीच्या आदिलशाही वाड्यात राहायला आला. कायद्याने राजधानी जुन्या गोव्यातच होती. पोर्तुगालचा प्रधान मार्केझ द पोंबाल याने तर पुढे ते उजाड शहर पुन्हा उभारण्याचे फर्मान काढले. पैसा ओतला, मजूर लावले, पण रोगराईपुढे ती खटपट वाया गेली. सत्ता जिथे झोपते आणि जिथे सही करते तीच राजधानी, आणि ती 1759 पासून पणजी होती. वाड्यात फेरफार झाले, पोर्तुगीज धर्तीचे सज्जे आणि उंच खिडक्या आल्या. कोटाचा वाडा आणि वाड्याचा राजवाडा व्हायला अडीचशे वर्षे लागली.

पणजीला मुक्काम हलल्यावर पुढच्या तीस वर्षांत पोर्तुगीज राज्य दुपटीहून मोठे झाले. 1763 नंतर सोंदेकरांकडून फोंड्याच्या बाजूचे महाल आले, 1781-82 मध्ये डिचोली आणि सत्तरी, 1788 मध्ये पेडणे. यांना नव्या काबिजादी म्हणतात. जुन्या काबिजादींत धर्मांतरे झाली होती, देवळे पाडली गेली होती. नव्या प्रदेशात मात्र रयतेचे धर्म आणि रीतिरिवाज सांभाळण्याची हमी पोर्तुगिजांना द्यावी लागली. गोव्यात आज जी मोठी देवस्थाने दिसतात त्यांतली बहुतेक या भागात आहेत, याचे एक कारण हेच.

पेशवे, सावंतवाडीकर, कोल्हापूरकर, सोंदेकर या शेजाऱ्यांशी पणजीच्या दरबाराचा पत्रव्यवहार अखंड चाले, आणि तो मुख्यतः मराठीत, मोडी लिपीत असे. तो वाचायला, त्याची उत्तरे लिहायला आणि प्रसंगी वकील म्हणून जायला पोर्तुगिजांनी ‘लिंग्व दु इश्तादु’ म्हणजे राज्याचा दुभाष्या हे पद ठेवले होते. त्या पदावर गोव्यातले शेणवी असत. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी या मंडळींचे कार्य आपल्या संशोधनाने उजेडात आणले. मराठेशाहीच्या इतिहासाची साधने पणजीच्या दप्तरखान्यात इतक्या मोठ्या प्रमाणावर सापडतात ती याच व्यवहारामुळे. वाड्याच्या मागच्या बाजूलाच म्हामाय कामतांचे घर आहे. हे घराणे व्यापारात होते, सरकारची दलाली करी, आणि त्यांच्या दप्तरात पोर्तुगीज, फ्रेंच आणि मोडी कागद एकत्र निघाले. राजवाडा आणि सराफ-दलालांचे घर इतके जवळ असावे हे त्या राज्याच्या तिजोरीची अवस्था पाहता स्वाभाविक होते.

विजरईंबरोबर त्यांचा तसबीरखानाही पणजीला आला. ही कथा जरा विस्ताराने सांगण्यासारखी आहे. 1547 मध्ये विजरई दों जुआंव द काश्त्रु याने आपल्या आधीच्या सर्व गव्हर्नरांची उभी चित्रे काढवून घेतली. काम गाश्पार कोर्रैय या बखरकाराच्या देखरेखीखाली झाले, कारण त्याने यांतल्या बहुतेकांना डोळ्यांनी पाहिले होते. कुंचला मात्र एका स्थानिक चित्रकाराचा होता. त्या चित्रकाराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. पुढे प्रत्येक विजरईचे चित्र या रांगेत लावण्याची प्रथा पडली. माणसाच्या उंचीचे लाकडी फलक, त्यांवर चिलखत किंवा दरबारी पोशाख, बाजूला घराण्याचे चिन्ह आणि खाली नाव अशी त्यांची मांडणी असे. दमट हवेने रंग उडाला की नव्याने रंग चढवला जाई. एकावर एक थर चढत गेल्यामुळे काही चेहऱ्यांचा मूळ चेहऱ्याशी संबंधच उरला नाही. जुन्या गोव्यातला राजवाडा ओस पडून 1820 च्या सुमारास पाडला गेला, पण ही चित्रे पणजीच्या वाड्याच्या भिंतींवर टिकली. फर्मानांवर सह्या करणारा प्रत्येक गव्हर्नर या रांगेसमोरून ये-जा करी.

या वाड्यातल्या खुर्चीवर एकदाच एक गोमंतकीय बसला. पोर्तुगालमधले उदारमतवादी आणि राजनिष्ठ यांच्यातले यादवी युद्ध उदारमतवाद्यांनी जिंकले, आणि नव्या सरकारने बेर्नार्दु पेरिश द सिल्व्ह या गोमंतकीयाला प्रिफेक्ट नेमले. 14 जानेवारी 1835 रोजी त्याने कारभार हाती घेतला. नोकऱ्यांतली मक्तेदारी जाईल या भीतीने लष्करातले आणि गोऱ्या वंशाचे अधिकारी बिथरले. 1 फेब्रुवारीला बंड झाले आणि त्याला पदच्युत करण्यात आले. तो मुंबईला गेला, तिथून परतण्याचे त्याचे प्रयत्न फसले. त्याच्या बाजूने उठलेल्या सैनिकांची मे महिन्यात गाश्पार दियशच्या किल्ल्यात, म्हणजे आजच्या मिरामारच्या बाजूला, कत्तल झाली. साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज राजवटीत गोव्याच्या माणसाच्या वाट्याला सर्वोच्च पद आले ते अठरा दिवसांपुरते. त्या राजवटीच्या समतेच्या गप्पांचे मोल ठरवायला एवढा एक प्रसंग पुरेसा आहे.

पेरिश द सिल्व्हच्या आधी कारभारावर असलेला दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु हा आजच्या पणजीचा खरा रचनाकार. 1827 ते 1835 या काळात त्याने खाजणे बुजवली, सरळ रस्ते आखले, लष्कराच्या बराकी आणि सरकारी इमारती बांधल्या. वाड्याभोवतालची पाणथळ जागा शहर झाली. 22 मार्च 1843 च्या राजाज्ञेने पणजीला ‘नोव्ह गोवा’ म्हणजे नवे गोवा हे नाव मिळाले आणि ती अधिकृत राजधानी ठरली. वाड्याने हे काम त्याआधी 84 वर्षे केले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उरलेल्या भागात वाड्याचा उपयोग बदलला नाही. सत्तरीच्या राण्यांचे उठाव झाले. 1852 मध्ये दिपाजी राणे उठले. 1895 मध्ये मोझांबिकला जाण्याचा हुकूम मराठा सैनिकांनी मोडला आणि दादा राणे त्यांना येऊन मिळाले. ते बंड शमवायला लिस्बनहून राजाचा भाऊ फौज घेऊन आला. या उठावांची धग पणजीला लागली, पण वाड्याच्या वापराला नाही.

बदल झाला तो 1918 मध्ये. गव्हर्नरने आपले निवासस्थान काबोच्या टोकावर हलवले. तिथे पूर्वी फ्रान्सिस्कन साधूंचा मठ होता. 1835 मध्ये धर्मसंघ बरखास्त झाल्यावर तो सरकारजमा झाला होता. मोकळी हवा, दोन्ही बाजूंना समुद्र आणि शहराच्या गजबजाटापासून दूर अशी ती जागा आज गोव्याच्या राज्यपालांचे निवासस्थान आहे. आदिलशाही वाड्यात मागे राहिल्या त्या कचेऱ्या. वरच्या दालनांत मेजे आणि कपाटे आली, तळमजल्यावर कारकून बसू लागले. पोर्तुगालमध्ये 1910 साली राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले होते. त्याने हिंदूंना बरोबरीचे नागरी हक्क दिले, आणि सरकारी नोकरीची दारे त्यांना उघडली. पण 1926 च्या लष्करी उठावानंतर सालाझारची हुकूमशाही पक्की झाली आणि मिळालेले स्वातंत्र्य आटत गेले. सभा, छापील मजकूर, लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून जाव्या लागत. 1945 मध्ये वाड्याच्या शेजारी आब्बे फारिया यांचा पुतळा बसवला गेला. कांदोळीत जन्मलेल्या आणि संमोहनविद्येचा पाया घालणाऱ्या या धर्मगुरूचा हा पुतळा मूर्तिकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवला. झोपी जाणाऱ्या स्त्रीवर दोन्ही हात पसरून उभी असलेली ती आकृती पणजीतल्या सर्व शिल्पांत सरस आहे. पुढच्याच वर्षी, 18 जून 1946 रोजी, मडगावात राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली आणि मुक्तिलढ्याला नवे वळण मिळाले.

डिसेंबर 1961 मध्ये भारतीय सैन्य गोव्यात उतरले. 18 तारखेच्या संध्याकाळी त्याची एक तुकडी मांडवीपलीकडे बेतीला पोचली. 19 च्या सकाळी नदी ओलांडून सैन्य पणजीत शिरले तेव्हा लढायला कोणी नव्हते. शेवटचा गव्हर्नर व्हासालु इ सिल्व्ह वास्कोकडे निघून गेला होता, आणि त्याने तिथेच शरणागती पत्करली. पणजीत सचिवालयावर तिरंगा चढला. 1510 मध्ये या नदीतून आलेल्या सत्तेची निशाणी ज्या इमारतीवरून उतरायला हवी होती, त्याच इमारतीवरून ती उतरली. प्रवेशद्वारावरच्या पोर्तुगीज राजचिन्हाची जागा पुढे अशोकचक्राने घेतली. विजरईंची चित्रेही इथून हलली. जुन्या गोव्यात असिसीच्या संत फ्रान्सिस मठात पुरातत्त्व खात्याने जे संग्रहालय उघडले त्याच्या वरच्या मजल्यावर ती आहेत. सत्तेचा वारसा सांगणारी वस्तू संग्रहालयात गेली आणि सत्तेचे घर मात्र कामातच राहिले.

सुरुवातीचे सहा महिने लष्करी गव्हर्नर के. पी. कँडेथ यांच्या हाती कारभार होता. नंतर नायब राज्यपाल आले. 9 डिसेंबर 1963 रोजी गोवा, दमण आणि दीवच्या तीस जागांसाठी पहिली निवडणूक झाली. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला बहुमत मिळाले, दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले, युनायटेड गोवन्स पक्षाचे डॉ. जॅक सिक्वेरा विरोधी पक्षनेते झाले. 9 जानेवारी 1964 रोजी पहिली विधानसभा याच वाड्यात भरली. पांडुरंग शिरोडकर सभापती होते. जिथे दोन शतके हुकूम निघत होते तिथे आता प्रश्नोत्तरांचा तास सुरू झाला, आणि तोही कोकणी, मराठी, इंग्रजी अशा मिश्र बोलीत. निवडून आलेल्यांत कुळांच्या मतांवर आलेले, पूर्वी या इमारतीच्या पायऱ्या अर्ज घेऊनच चढलेले लोक होते. या इमारतीच्या इतिहासात याहून मोठे स्थित्यंतर दुसरे नाही.

पहिल्याच विधानसभेने कूळकायदा केला. 1964 च्या या कायद्याने कसणाऱ्या कुळाला जमिनीवरून हुसकून लावणे बंद झाले आणि खंडावर मर्यादा आली. 1975 मध्ये मुंडकारांना, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहणाऱ्यांना संरक्षण मिळाले. 1976 च्या दुरुस्तीने कूळ जमिनीचे मालक ठरले. तोवर बांदोडकरांचे निधन होऊन त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या होत्या. गोव्याच्या खेड्यांतले संबंध या तीन कायद्यांनी जितके पालटले तितके कोणत्याही सत्तांतराने पालटले नव्हते.

सर्वांत कडवा वाद विलीनीकरणाचा झाला. जानेवारी 1965 मध्ये विधानसभेने गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याचा ठराव बहुमताने मंजूर केला. विरोधकांनी आग्रह धरला की इतका मोठा निर्णय सभागृहावर सोडू नये, लोकांना विचारावे. संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. मतदान निःपक्ष व्हावे म्हणून बांदोडकरांनी डिसेंबर 1966 मध्ये राजीनामा दिला. 16 जानेवारी 1967 रोजी मतदान झाले. विलीनीकरणाला फूल आणि संघप्रदेश राहण्याला दोन पाने अशी चिन्हे होती. फुलाला 1,38,170 मते पडली, दोन पानांना 1,72,191. दोन-अडीच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच मतदारांनी बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसवले. एखाद्या नेत्यावर विश्वास ठेवून त्याच्या मुख्य मागणीला नकार देण्याची ही समज गोव्याच्या लोकशाहीची शान म्हणावी लागेल. महाराष्ट्रातल्या विलीनीकरणवाद्यांना हा निकाल झोंबला. पण तो स्वच्छ मतदानाचा निकाल होता आणि सर्वांनी तो स्वीकारला.

4 फेब्रुवारी 1987 रोजी राजभाषा विधेयक मंजूर झाले. कोकणी राजभाषा ठरली आणि सरकारी कामांत मराठीच्या वापराची तरतूद झाली. त्याआधीच्या आंदोलनांत रस्ते अडले, दंगली झाल्या, माणसे मेली. भाषेचा तो तिढा अजूनही पुरता सुटलेला नाही. 30 मे 1987 रोजी दमण-दीव वेगळे होऊन गोवा भारताचे पंचविसावे राज्य झाले आणि विधानसभेच्या जागा तीसवरून चाळीस झाल्या.

चाळीस आमदार, वाढती खाती, अभ्यागतांची आणि गाड्यांची गर्दी हे सारे जुन्या वाड्याला पेलणारे नव्हते. खोल्यांना मधे फळ्या ठोकून कोंदट कप्पे पाडले होते, व्हरांडे बंद करून कचेऱ्या केल्या होत्या. जांभ्याच्या भिंतींची ही फार वाईट सोय आहे. खाणीतून काढताना चिरा मऊ असतो, हवेत घट्ट होतो. पण तो सच्छिद्र असल्याने पाणी ओढतो. म्हणून गोव्यात त्याला चुन्याचा गिलावा करतात, छपराला लांब पागोळ्या देतात आणि आतून वारा खेळता ठेवतात. वारा अडला की ओल मुरते, लाकडाला वाळवी लागते. 2000 साली विधानसभा मांडवीपलीकडे पर्वरीच्या पठारावरच्या नव्या संकुलात गेली आणि मंत्रालयही पाठोपाठ गेले. नदीवर पूल झाल्यामुळे राजधानीला आता नदीकाठाची गरज राहिली नव्हती.

पुढे काही वर्षे किरकोळ कचेऱ्या इथे होत्या. मग दुरुस्ती होऊन वाड्याला सांस्कृतिक कामे मिळाली. 2016 पासून पणजीत भरणाऱ्या सेरेंडिपिटी कला महोत्सवाची प्रदर्शने त्याच्या दालनांत आणि आवारात भरू लागली. पाट्टोच्या आपल्या इमारतीतून गोवा राज्य वस्तुसंग्रहालयाने बाहेर पडल्यावर त्याच्या संग्रहातल्या वस्तूही याच वाड्यात मांडण्यात आल्या. कृत्रिम भिंती गेल्यावर जुने जिने, लाकडी तक्तपोशी आणि नदीकडचे सज्जे पुन्हा मोकळे दिसू लागले.

सत्ता गेल्यानंतर जुन्या गोव्यातला मोठा वाडा टिकला नाही, हा धडा पणजीच्या शासनासमोर आहे. आदिलशाही वाड्याला आता दगडमातीच्या देखभालीइतकीच योग्य वापराचीही गरज आहे. 1964 ते 2000 या छत्तीस वर्षांत इथे कूळकायदा, विलीनीकरण, राजभाषा आणि राज्यपद यांवर जे वाद आणि निर्णय झाले, त्यांची कागदपत्रे, छायाचित्रे आणि भाषणे मांडणारे कायमचे दालन याच सभागृहात असायला हवे. विजरईंच्या चित्रांना जुन्या गोव्यात जेवढी जागा मिळाली आहे, तेवढी तरी इथल्या लोकप्रतिनिधींना इथे मिळालीच पाहिजे.